स्टीलची महागडी घड्याळं आणि आपलं वावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं वावर आहे आणि घड्याळांचा नाद शाळेपासूनचा. कुणी लग्नाच्या पंगतीत मनगटाकडे बघून विचारतं, कुणी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर फोटो टाकून. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलं नाही, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. स्टीलच्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळाचे पैसे काहून?

हा प्रश्न १९७२ साली स्वित्झर्लंडमध्येही लोकांना पडला होता. तोवर हिशेब सरळ होता. स्टीलचं घड्याळ कामाचं: पाणबुड्याचं, वैमानिकाचं, शर्यतीवाल्याचं. ऐपत दाखवायची तर सोनं. त्या वर्षी ओदमार पिगे कंपनीनं रॉयल ओक बाजारात आणलं. काचेभोवती अष्टकोनी कडं, त्यावर उघड दिसणारे आठ स्क्रू, केसमधूनच (म्हणजे मशीन बसवलेल्या धातूच्या पेटीतूनच) निघणारा स्टीलचा पट्टा, आणि किंमत सोन्याच्या चांगल्या घड्याळापेक्षा जास्त. ते रेखाटलं घड्याळांचे रचनाकार जेराल्ड जेंटा यांनी, तेही एका रात्रीत, असं ते स्वतः सांगत. कल्पना जुन्या पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून घेतलेली. पुढे १९७६ साली याच जेंटांनी पाटेक फिलिप कंपनीसाठी नॉटिलस काढलं, जहाजाच्या गोल खिडकीसारखं. जगातलं एक सगळ्यात महाग घड्याळ स्टीलचं आहे, अशी जाहिरातच कंपनीनं तेव्हा केली होती.

काही पैसे लागतात ते घडणावळीला. स्टील सोन्यासारखं मऊ नाही. त्यावर धारदार कडा काढायच्या, एक बाजू खरखरीत ठेवायची, लगतची आरशासारखी करायची, आणि दोन्हींमधली रेघ सरळ राहिली पाहिजे, हे वेळखाऊ काम आहे. रॉयल ओकचे पहिले नमुने तर पांढऱ्या सोन्यात केले होते, कारण स्टील घडवणं जास्त जिकिरीचं होतं. बाकीचे पैसे नावाचे आणि टंचाईचे. कोणत्या भागाचे जास्त, ते मी सांगत नाही, पण घडणावळीचे नक्कीच नव्हेत.

२. रॉयल ओक, नॉटिलस, सबमरिनर, स्पीडमास्टर… सगळी स्टीलचीच. मग तुलना कशी करायची?

आधी दोन घराणी वेगळी करा. एक अवजारांचं: रोलेक्स सबमरिनर १९५३ चं, ओमेगा स्पीडमास्टर १९५७ चं. ही कामासाठी जन्मली आणि मागाहून प्रतिष्ठेची झाली. दुसरं जेंटांचं, जे जन्मापासूनच तोऱ्यात आहे. १९७७ चं व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन कंपनीचं '२२२' नावाचं घड्याळ याच दुसऱ्या घराण्यातलं, पण त्याचा रचनाकार जेंटा नव्हे, योर्ग हिसेक.

गंमत अशी की पहिलं रॉयल ओक, पहिलं नॉटिलस आणि २२२, या तिन्हींच्या पोटातलं मशीन मुळात एकच. जॅजे लकूल्त्र कंपनीनं १९६७ साली काढलेलं, मूळचं जेमतेम २.४५ मिलिमीटर जाडीचं. तिघांनी आपापल्या परीनं ते सजवलं. म्हणजे एकाच गिरणीचं सूत आणि तीन पेढ्यांची लुगडी. म्हणून नुसत्या मशीनवर वाद घालू नका, घडण बघा.

ती बघायची कशी? मुंबईत मी एकदा रॉयल ओक हातात घेतलं होतं. विकत नव्हे, नुसतं हातात. ट्यूबलाइटखाली मनगट हळूच फिरवलं तर पट्ट्याच्या प्रत्येक कडीच्या काठावर उजेडाची एक बारीक रेघ पळत गेली, आणि शेवटच्या कडीपर्यंत तिची जाडी बदलली नाही. कड्या मात्र आकड्याकडे (पट्टा जिथे अडकतो तिकडे) जाताना एकेक करून लहान होत जातात. ही रेघ स्वस्त घड्याळात कुठेतरी फुगते, कुठेतरी तुटते. भिंग लागत नाही, उजेड लागतो.

स्टीलच्या जातीवरही लोक भांडतात. बहुतेक कंपन्या ३१६एल वापरतात, रोलेक्स ९०४एल. दुसरं गंजाला अधिक टणक आणि चकाकीला बरं. आपल्या मनगटावर फरक जाणवेल म्हणाल तर मला तरी जाणवला नाही.

माझी स्वतःची तुलनेची पहिली कसोटी मात्र वेगळीच आहे. ती १० व्या प्रश्नात.

३. लाखो रुपये नाहीत. तसंच काही आवाक्यातलं?

आहे, आणि मजेचं आहे. टिसोचं पीआरएक्स २०२१ साली पुन्हा आलं. पट्टा केसमधूनच निघणारा, १०० मीटरचं, ४०, ३५ मिलिमीटर अशा मापांत. सेलवालं घ्या किंवा ८० तास चालणारं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं. सेको ५ स्पोर्ट्स मी वावरात घालतो. अष्टकोनी तोंडवळाच हवा असेल तर कॅसिओचं जी-शॉक आहे, २०१९ पासून लोक त्याला लाडानं 'कॅसिओक' म्हणतात. ते मूळचं प्लास्टिकचं, पुढे स्टीलच्या कड्याचंही निघालं. आणि टायटनला कमी लेखू नका. तालुक्याला दुरुस्ती होते.

नॉटिलसची 'फर्स्ट कॉपी' घेऊ का, असंही विचारतात. नका घेऊ. त्या पैशात खरं सेको येतं.

४. माझं मनगट बारीक आहे. ४२ मिलिमीटर शोभेल का?

नुसत्या व्यासावर जाऊ नका. मनगटाला दोरा गुंडाळून घेर मोजा, मग मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीनं मोजा. घड्याळाचं वरच्या शिंगापासून (पट्टा जोडतात त्या टोकापासून) खालच्या शिंगापर्यंतचं माप त्या सपाटीबाहेर जायला नको. बाहेर गेलं की घड्याळ पाटावर ठेवलेल्या परातीसारखं दिसतं.

जेंटा घराण्यात एक मेख आहे. पट्टा केसमधूनच निघतो आणि पहिली कडी फारशी वळत नाही, त्यामुळे कागदावरचं ४० मनगटावर ४२ वाटतं. जाडी मात्र कमी. पातळ रॉयल ओक ८.१ मिलिमीटरचं आहे, सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकतं.

उन्हाळ्यासाठी एक सूचना. कड्या काढताना पट्टा करकचून बसवू नका. मे महिन्यात मनगट सुजतं. करंगळी आत जाईल एवढी जागा ठेवा. आकड्यात बारीक समायोजनाची सोय असलेला पट्टा मिळाला तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

५. मागं १०० मीटर लिहिलंय. विहिरीत उडी मारली तर?

नवं असेल, बाजूची चावी पूर्ण दाबलेली किंवा पिळून घट्ट बसवलेली असेल, तर चालेल. पण तो आकडा म्हणजे तेवढ्या खोलीवर पोहण्याचा परवाना नव्हे, प्रयोगशाळेतल्या दाबाचा आकडा आहे. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी. ५० म्हणजे थोडंफार. रॉयल ओक एवढं महाग, पण बहुतेक ५० चंच. पोहायचं तर १०० पासून पुढे. पाणबुड्यांच्या घड्याळासाठीचं आयएसओ ६४२५ मानकही १०० मीटरपासूनच सुरू होतं.

खरा प्रश्न आत बसवलेल्या रबरी रिंगांचा. त्या कालांतराने कडक होतात आणि आपल्याकडच्या उन्हात लवकर होतात. चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरलात तर रिंगांचं वय एका दुपारीत वाढलं असं समजा. भर दुपारी तापलेलं घड्याळ घालून थेट गार विहिरीत शिरणं सगळ्यात वाईट.

घरी एक चाचणी करता येते. घड्याळ हाताच्या उबेनं कोमट होऊ द्या आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभरानं पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. त्यानं काही होत नाही, उलट पीठ शिरतं. दोन दिवसांच्या आत उघडायला द्या. गंज वाट बघत नाही.

६. ते फिरणारं कडं कशाला? आपल्याकडं समुद्र कुठं आहे?

समुद्र नाही, पण ओलीत आहे. मोटार सुरू केली की कड्यावरचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणा. पुढे कधीही बघा, पाणी लावून किती मिनिटं झाली ते सरळ वाचता येतं. एका सरीला मला अठरा मिनिटं लागतात, दुसरी उताराची आहे, तिला बारा. मोबाइल खिशात भिजत नाही आणि चिखलाच्या हातानं काच पुसावी लागत नाही.

हे कडं एकाच दिशेनं, उलटंच फिरतं. धक्का लागून सरकलं तरी झालेला वेळ जास्तच दिसेल, कमी दिसणार नाही. पाणबुड्या त्यामुळे लवकर वर येतो. आपण मोटार लवकर बंद करतो, एवढंच.

आणि शेतीची लाइन रात्रीची असली की अंधारात चमकणारे ठिपके कळतात काय चीज आहेत ते. दिवसभर कपाटात ठेवलेलं घड्याळ मात्र रात्री चमकणार नाही. त्याला आधी उजेड पाजावा लागतो.

७. शेतात रोज घातलं तर खराब होईल का?

होईल. ओरखडे येतील. धुळीत जी बारीक वाळू असते तिचा कठीणपणा मोहस मापात ७, महागड्या घड्याळांवरच्या कृत्रिम नीलम काचेचा ९. म्हणून ती काच वाचते, पण स्टील आणि साधी काच वाचत नाही. त्यातही चकचकीत भाग आधी जातो. वावरात घालायचं तर खरखरीत पृष्ठभागाचं घ्या.

फवारणीला कोणतंच घड्याळ घालू नका. औषध पट्ट्याच्या फटीत बसतं आणि दिवसभर कातडीला लागत राहतं. हा घड्याळाचा नव्हे, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. घाम स्टीलला लगेच खात नाही, पण घाम आणि धूळ मिळून कड्यांमध्ये काळा लगदा होतो आणि तो पिना झिजवतो. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चावी घट्ट बसवून कोमट पाणी, साधा साबण, जुना दातघासणीचा ब्रश. एवढं पुरे.

एकदा माझ्याकडून गाढवपणा झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलांना हळद-तूप चोळत होतो आणि घड्याळ काढायचं राहिलं. हळद पट्ट्याच्या प्रत्येक सांध्यात शिरली. स्टीलवरची गेली, पण केस आणि पट्ट्याच्या बेचक्यातून पुढचे दोन महिने पिवळी रेघ पाझरत होती. बायको म्हणाली, बैलाआधी तुमचीच हळद झाली.

मनगटाला पुरळ येत असेल तर बहुधा निकेलचं. ३१६एल आणि ९०४एल, दोन्हींत निकेल असतं, ९०४एलमध्ये जास्तच. अशांनी टायटॅनियम बघावं. त्याआधी पट्टा धुऊन बघा. अर्धी पुरळं मळाची निघतात.

८. माझं ऑटोमॅटिक एकाएकी दिवसाला पाच मिनिटं पुढं जाऊ लागलं. बिघडलं का?

बहुधा नाही. चुंबक लागलं. गणपतीत घड्याळ डीजेच्या स्पीकरवर काढून ठेवलेलं, किंवा चुंबकी झाकणाच्या मोबाइल कव्हरवर. आतली केसासारखी स्प्रिंग चिकटते आणि मशीन धावत सुटतं. होकायंत्राजवळ घड्याळ न्या. सुई हलली तर तेच. घड्याळजीकडे चुंबक काढायचं यंत्र असतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळं १५,००० गॉसपर्यंत (गॉस हे चुंबकाच्या जोराचं माप) तग धरतात, बाकी बरीच नाही.

थोडंफार मागेपुढे होणं हा दोष नव्हे. स्विस क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकपणाचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाला, दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद मुभा आहे, रोलेक्स स्वतः उणे-अधिक २ म्हणते. माझ्या सेकोच्या मशीनला कंपनीच अधिक ४५ ते उणे ३५ सेकंद सांगते. बिनचूक वेळच हवी असेल तर सेलवालं घ्या आणि हा नाद सोडा.

९. रात्री तारीख बदलू नये म्हणतात. अंधश्रद्धा आहे का?

नाही, खरं आहे. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेची चाकं आपसांत गुंतलेली असतात. तेव्हा जोर केला तर दात तुटतो. काटे सहावर आणा, मग तारीख लावा. काही नव्या मशीनमध्ये ही भीती उरलेली नाही, पण सवय चांगली.

१०. सर्व्हिसिंग कुठं करायचं? बाजारातल्या घड्याळजीकडं दिलं तर?

हीच माझी पहिली कसोटी: हे घड्याळ उघडणारा माणूस माझ्या गावापासून किती लांब आहे? विकत घेतानाच विचारा. कंपनीनुसार पाच ते दहा वर्षांनी तेल-पाणी करावंच लागतं. मोठ्या स्विस ब्रँडचं घड्याळ बहुधा मुंबईला जातं, महिनोन्महिने राहतं, आणि बिल कधी कधी नव्या सेकोएवढं येतं. तो खर्च जमत नसेल तर घड्याळही जमत नाही, असं मी सरळ सांगतो.

सेकोचं साधं मशीन, एचएमटी, जुनं टिसो यांच्यासाठी तालुक्याचा जुना घड्याळजी उत्तम. आमच्या बाजारात एक आहेत, सत्तरी ओलांडलेले. डोळ्याला भिंग अडकवलं की हात थरथरायचा थांबतो. पण रोलेक्सचं मागचं झाकण त्यांच्याकडच्या चावीनं उघडायला लावू नका. खाचा घसरल्या की त्या भरून येत नाहीत. त्यांनाही ते ठाऊक आहे. माझा एक मित्र सबमरिनर घेऊन गेला तर म्हणाले, "भाऊ, याले मी हात नाही लावत, पण पाहू तर दे."

११. जुनं घेताना खरं-खोटं कसं ओळखायचं?

सेकंद काटा टिकटिक न करता सरकतो म्हणजे खरं, हा समज सोडा. नकलीतही ऑटोमॅटिक मशीन असतं. रोलेक्सच्या तारखेवरचं भिंग आकडा अडीच पट दाखवतं, नकलीत बरेचदा कमी. अलीकडच्या घड्याळात आतल्या कड्यावर नाव कोरलेलं असतं आणि अक्षरं मिनिटांच्या खुणांशी जुळतात. पण चांगली नक्कल हेही साधते, म्हणून झाकण उघडून मशीन दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडून नवं घेणार असाल तर हे सगळं सोडा आणि शिक्का-तारखेचं वॉरंटी कार्ड तेवढं बघा.

आपल्याकडची खास जात म्हणजे 'मुंबई स्पेशल'. जुनं सेको ५ किंवा एचएमटी, त्यावर नवा रंगवलेला भडक डायल, काटे तिसऱ्याचेच. मशीन खरं, अंगरखा उसना. मी फसलोय. ऑनलाइन फोटो पाहून केशरी डायलचं सेको मागवलं. हाती आलं तेव्हा तारखेच्या खिडकीची कड कात्रीनं कापल्यासारखी होती आणि 'ऑटोमॅटिक' हा शब्द किंचित तिरपा. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. ते घड्याळ आता गोठ्यात टांगलंय. वेळ बरोबर दाखवतं.

१२. कापूस विकून रोकड आहे. रोखीनं घेता येईल का?

२ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीनं घेणं विक्रेत्याला कायद्यानं बंद आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे खरं, पण ही मर्यादा त्याला लागूच आहे. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका. म्हणून चांगला दुकानदार नाही म्हणेल. जो हो म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. पॅन कार्ड जवळ ठेवा.

१० लाखांवरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का कर गोळा करतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो. एरवी कर लागत नसेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. ते भरलं नाही तर पैसे तसेच राहतात.

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. त्यात स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्यानं उतरायचं आहे. एकदम स्वस्ताई होईल म्हणून थांबू नका. दुबईच्या भाच्याकडून मागवणार असाल तर विमानतळावर जाहीर करून शुल्क भरायला सांगा. मनगटावर घालून आणलं म्हणजे सुटलं, असं नसतं.

१३. गुंतवणूक म्हणून घेतलं तर? नॉटिलस करोडोंत गेलं म्हणतात.

एक गेलं. पाटेकनं नॉटिलस ५७११ बंद करायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये टिफनीच्या निळ्या डायलचं एक घड्याळ लिलावात ६५ लाख डॉलरच्या आसपास विकलं गेलं. ती बातमी सगळ्यांनी वाचली. २०२२ च्या मध्यापासून वापरलेल्या घड्याळांचे भाव घसरले, ती फार कुणी वाचली नाही. शिवाय दुकानात किमतीला मिळणं हेच अवघड. आधी इतर घड्याळं घ्या, मग यादीत नाव, असा काही ठिकाणी मामला असतो. घड्याळाला सातबारा नसतो. अडल्या वेळी यवतमाळात ते कोण घेणार, हे आधी विचारा.

१४. जावयाला लग्नात असं घड्याळ द्यायचं आहे. कोणतं देऊ?

आपल्या खुशीनं देत असाल तर ४ था आणि १० वा प्रश्न वाचून निवडा. जास्तीच्या कड्या आणि कार्ड डब्यातच द्या. तिकडून मॉडेलचं नाव सांगून मागणी आली असेल तर तो १९६१ च्या कायद्याप्रमाणे हुंडा आहे. मग मी घड्याळ सुचवत नाही.

१५. गावात एवढं महागडं घड्याळ घालणं बरं दिसतं का?

मी कधी घालतो, कधी नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, त्या हिवाळ्यात माझं चांगलं घड्याळ कपाटातच राहिलं. कुणी काही म्हणालं नसतं. बहुतेकांना ते टायटनच वाटतं. पण मला माहीत होतं ना.

१६. जुन्या स्टीलच्या घड्याळाला पॉलिश मारून घेऊ का?

शक्यतो नको. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं स्टील जातं आणि कडा गोल होतात. रॉयल ओकसारख्या घड्याळाची सगळी जान त्या कडांत आहे. ती गेली की किंमतही जाते. सर्व्हिसिंगला देताना 'पॉलिश करू नये' असं पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगून भागत नाही.

बाबांचं एचएमटी ठेवावं की टाकावं, हेही याच प्रश्नाला जोडून येतं. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं बेंगळुरूला निघाला आणि २०१६ साली बंद करायचं ठरलं, म्हणजे सुटे भाग आता बहुतेक जुन्यातूनच मिळतात. टाकू नका. माझ्या बाबांचं जनता आहे, १७ खड्यांचं (मशीनच्या चाकांची झीज रोखणारे खडे), रोज चावी द्यावी लागणारं. चारच्या आकड्याजवळ केसला एक खोल खाच आहे. बंडीचं जू उचलताना साखळी आपटली होती. घड्याळजींनी ती घासून काढू का म्हणून विचारलं, तर बाबांनी हात मागं घेतला.